अंगावरची खूण : रसायनोपचाराच्या इतिहासातील एक दुर्लक्षित पान

2019 सालच्या श्रावणातली गोष्ट. आमच्या वहिनींवर स्तनाच्या कर्करोगासाठी रसायनोपचार चालू होता. आता खेड्यापाड्यांतही सारे त्याला 'केमो'च म्हणतात. 'लाल औषधा'च्या चार फेऱ्या संपून त्या दिवशी नव्या औषधाची पहिली बाटली लागली होती. अॅलर्जी होऊ नये म्हणून आधी द्यायची इंजेक्शनेही देऊन झाली होती. सलाईन सुरू होऊन दहा मिनिटे झाली असतील, तोच वहिनी पदराखाली हात घेऊन हळूच दंड चोळू लागल्या. विचारले तर म्हणाल्या, "काही नाही भाऊजी, जरा मुंग्या आल्यासारखं वाटतंय." चेहरा मात्र कुंकू फासल्यासारखा लाल झालेला. परिचारिका कन्नड बोलणारी होती. तिने जवळ येऊन एकच शब्द विचारला, "तुरिके?" वहिनींनी मान हलवली. तिने तत्क्षणी नळी बंद केली आणि डॉक्टरांना हाक मारली. आणखी एक इंजेक्शन झाले, अर्ध्या तासाने लाली ओसरली आणि तीच बाटली पुन्हा अगदी सावकाश सुरू झाली.

परतताना मी विचारले, "वहिनी, अंगाला खाज सुटलीय हे सांगितलं का नाही?" त्या म्हणाल्या, "परक्या पुरुषांसमोर तो शब्द कसा काढायचा?" आपल्या मराठीत या साध्या शब्दाला एक वाह्यात अर्थ चिकटला आहे खरा. कन्नड शब्द त्यांना सोवळा वाटला. सीमाभागात दोन भाषा कानांवर घेऊन वाढण्याचा असाही एक उपयोग!

मी इतिहासाचा शिक्षक. औषधांच्या इतिहासात माझी गती बेताचीच. पण त्या दिवसापासून या उपचाराची कुळकथा शोधून वाचण्याचा नाद लागला. वाचता वाचता ध्यानात आले की या विद्येचा उगमच मुळी माणसाच्या होरपळलेल्या, खाजणाऱ्या कातडीत आहे.

1917 च्या जुलै महिन्यात बेल्जियममधील ईप्र गावाजवळ जर्मन सैन्याने 'मस्टर्ड गॅस' प्रथम वापरला. मोहरीशी त्याचे नाते केवळ वासापुरते. हे विष अंगावर पडले तरी लगेच काही कळत नाही. काही तासांनी त्वचा लाल होते, कंड सुटतो, मग मोठमोठे फोड येतात. क्रुंभार या अमेरिकन वैद्यकतज्ज्ञाने 1919 मध्ये नोंदवले, की या वायूने बाधित झालेल्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटतात. नोंद झाली आणि वीस-बावीस वर्षे तशीच पडून राहिली.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील येल विद्यापीठात लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन यांच्याकडे याच विषाच्या अभ्यासाचे गुप्त काम आले. पांढऱ्या पेशी मारणारे विष, पांढऱ्या पेशींच्याच कर्करोगाला का मारू नये, हा त्यांचा सरळ तर्क. मस्टर्डचा नायट्रोजनयुक्त भाऊबंद त्यांनी निवडला आणि 1942 च्या ऑगस्टमध्ये लसिकाग्रंथींच्या कर्करोगाने गळा सुजलेल्या एका रुग्णाला तो शिरेतून दिला. कागदोपत्री या माणसाचे नाव 'जे. डी.' एवढेच उरले आहे. गाठी विरघळल्या, त्याला पुन्हा गिळता येऊ लागले. पण रोग उलटला आणि डिसेंबरच्या पहिल्या तारखेस तो गेला. युद्धकालीन गुप्ततेमुळे जगाला हे 1946 मध्ये कळले.

दरम्यान इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर, बारी बंदरात, एक भीषण प्रकार घडून गेला होता. 2 डिसेंबर 1943 च्या रात्री जर्मन विमानांनी बंदरातील दोस्तांच्या जहाजांवर बाँबवर्षाव केला. 'जॉन हार्वे' या अमेरिकन जहाजात सुमारे दोन हजार मस्टर्डबाँब दडवलेले होते, हे फारच थोड्यांना ठाऊक होते, आणि तेही जहाजाबरोबर बुडाले. तेलात मिसळलेले विष पाण्यावर पसरले. खलाशी त्यातून पोहून बाहेर आले. दमलेली, थंडीने कुडकुडणारी माणसे म्हणून इस्पितळात त्यांना कांबळी गुंडाळून, गरम चहा देऊन, त्याच ओल्या कपड्यांत बसवून ठेवले! कपडे उतरवून अंग धुतले असते तरी कितीतरी जण वाचले असते. पहाटेपर्यंत डोळे सुजले, कातडी पेटली. सहाशेहून अधिक सैनिक-खलाशी इस्पितळांत दाखल झाले आणि महिन्याभरात 83 दगावले. गावातले नागरिक किती मेले त्याची धड मोजदादही नाही. स्टुअर्ट अलेक्झांडर नावाच्या तरुण अमेरिकन लष्करी डॉक्टरने त्वचेवरच्या खुणांवरून विष ओळखले आणि रक्तातील पांढऱ्या पेशी कशा नाहीशा होत गेल्या ते तपशीलवार लिहून ठेवले. वरिष्ठांना मात्र ती खूण जगाला दाखवायची नव्हती, म्हणून अहवाल गुप्त ठेवला गेला. शाळेत महायुद्ध शिकवताना मी स्टालिनग्राड, नॉर्मंडी शिकवतो. बारीचे नाव आमच्या पाठ्यपुस्तकात कधी आले नाही.

आणि योगायोग पाहा. याच बारीच्या प्रदेशात, अपुलिया प्रांतातील कास्तेल देल मोंते या तेराव्या शतकातील किल्ल्याजवळच्या मातीत, पुढे 1950 च्या दशकात इटालियन संशोधकांना एक सूक्ष्मजंतू सापडला. त्याच्या वंशातून निघाले ते 'लाल औषध', डॉक्सोरुबिसिन. शेजारच्या एड्रियाटिक समुद्रावरून त्याचे व्यापारी नाव एड्रियामायसिन पडले. हे औषध घेतल्यावर लघवी लाल होते आणि केस जातात. वहिनींचा अंबाडा गेला तो यानेच.

मधल्या काळातील प्रगती थोडक्यात सांगतो. भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेतून आलेले अमिनोप्टेरिन सिडनी फार्बर यांनी बॉस्टनमध्ये रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना दिले. 1948 च्या त्यांच्या निबंधात 16 पैकी 10 मुलांना तात्पुरता उतार पडल्याची नोंद आहे, आणि तोंड येण्याचीही. आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून औषधे निघाली, त्यांनी बोटांना बधिरता आणली. 1978 मध्ये सिस्प्लॅटिनला अमेरिकेत परवानगी मिळाली. त्याने अंडकोषाच्या कर्करोगाची तरुण मुले बरी होऊ लागली, पण उलट्या अशा की काही रुग्ण पुढची फेरीच नाकारत. 1981 पासून मेटोक्लोप्रामाइडच्या मोठ्या मात्रेने थोडा उतार मिळू लागला. उलटीचा संदेश सेरोटोनिनमार्फत जातो हे कळल्यावर ऑन्डान्सेट्रॉन आले, तेही अमेरिकेत 1991 साली. जे. डी.पासून मोजले तर जवळजवळ पन्नास वर्षे! वैद्यांचे लक्ष रोगावर होते, रोग्यावर थोडे कमी, असे म्हटले तर ते फार कठोर होईल असे मला वाटत नाही.

आता वहिनींच्या बाटलीकडे वळतो. त्या औषधाचे नाव पॅक्लिटॅक्सेल, मूळचे टॅक्सॉल. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील 'यू' वृक्षाची साल 1962 मध्ये गोळा झाली आणि नॉर्थ कॅरोलिनातील प्रयोगशाळेत मन्रो वॉल व मनसुख वाणी यांनी तिच्यातून हे द्रव्य वेगळे केले. त्याची रचना 1971 मध्ये प्रसिद्ध झाली. हे वाणी 1925 साली आपल्या खानदेशातील नंदुरबारला जन्मलेले, मुंबई विद्यापीठात शिकलेले. 2020 च्या एप्रिलमध्ये ते निवर्तले.

पण टॅक्सॉल पाण्यात विरघळेना. शेवटी ते क्रेमोफोर नावाच्या द्रावकात विरघळवले, आणि हा द्रावक बनतो एरंडेलापासून! 1984 च्या सुमारास माणसांवर चाचण्या सुरू झाल्या तेव्हा थेंब शिरेत जाताच काही रुग्णांचा चेहरा लाल होई, अंगभर पित्त उठून कंड सुटे, छाती आवळे, रक्तदाब कोसळे. संशयाची सुई मुख्यतः द्रावकाकडे वळली. औषध बासनात जाण्याची वेळ आली होती. मग डॉक्टरांनी ते चोवीस तास सावकाश सोडून पाहिले आणि आधी डेक्सामेथासोन व दोन प्रकारची हिस्टामिनविरोधी औषधे दिली. प्रतिक्रिया पुष्कळ घटल्या, पण साफ थांबल्या नाहीत. 1992 च्या डिसेंबरात बीजकोशाच्या कर्करोगासाठी परवानगी मिळाली, 1994 मध्ये स्तनाच्या. पुढे एवढी पूर्वतयारी असली तर कमी तासांतही औषध देता येते असे दिसले. 2005 मध्ये तर अल्ब्युमिन या प्रथिनावर आरूढ झालेला, एरंडेलाविना, नवा प्रकार आला. तो महाग.

म्हणजे वहिनींनी दंड चोळला तो क्षण या औषधाच्या इतिहासातला नेमका नाजूक क्षण होता. सलाईन चालू असताना अचानक आलेली खाज, लाली, छातीतली आवळ किंवा धाप लागणे, यापैकी काहीही झाले तर त्याच सेकंदाला सांगायचे असते, हे मला तेव्हा कुठे उमगले.

घरी आल्यावरची खाज निराळी. औषधाने त्वचा कोरडी पडते, सोलते आणि रात्री जास्त सतावते. ब्लिओमायसिन या जपानी औषधाने तर काहींच्या पाठीवर चाबकाच्या वळांसारखे काळपट पट्टे उमटतात. छडी केव्हाच सोडून दिलेल्या मास्तरालाही ते छायाचित्र पाहवले नाही. खाजवले की नखाची जखम होते, पांढऱ्या पेशी कमी असल्याने ती चिघळते, म्हणून नखे बारीक कापावीत, कोमट पाण्याने थोडक्यात आंघोळ करावी, सौम्य साबण वापरावा, अंग ओलसर असतानाच बिनवासाचे मलम चोपडावे, कपडे सुती घालावेत. ताप 100.4 अंशांवर गेला तर रात्र आहे म्हणून थांबू नये. खाज वाढत गेली किंवा डोळे पिवळे दिसले तर ती निव्वळ कोरडेपणाची नसेल, डॉक्टरांना दाखवावे. मलम आणि गोळी त्यांच्याच सल्ल्याने घ्यावी.

त्या वर्षीच्या नरकचतुर्दशीला आमच्याकडे पेच पडला. आईचे वय ब्याऐंशी. थोरल्या सुनेला उटणे लावल्याशिवाय पहिली आंघोळ कशी होणार? कडकडीत पाणी, सुगंधी उटणे, वर लिंबाची फोड चोळायची. मी आईला म्हटले, "यंदा उटणं नको. डॉक्टरांनी घासायचं नाही म्हणून सांगितलंय." आई काही बोलली नाही. पहाटे उठून पाहिले तर तिने बंबातले पाणी विसण घालून कोमट केले होते, उटण्याची वाटी नुसती पाटाजवळ ठेवली होती आणि डॉक्टरांनी दिलेले मलम वहिनींच्या पाठीला ती स्वतःच्या हाताने लावत होती. मध्येच हात थांबवून तिने विचारले, "इथं खाजतंय का गं?" वहिनी म्हणाल्या, "हो. जरा वर."