खोळ : घोंगडीपासून विंडचीटरपर्यंत

एखादे काम वर्षानुवर्षे अडून राहिले की आपण त्याला 'भिजत घोंगडे' म्हणतो. हा वाक्प्रचार ज्याने प्रथम वापरला असेल, त्याने ओली घोंगडी वाळत घातलेली नक्की पाहिली असणार. दख्खनी मेंढीची जाडीभरडी लोकर एकदा पाणी प्यायली की घोंगडी उचलवत नाही आणि दोन-दोन दिवस वाळत नाही. तरीही वाळवे-शिराळ्याच्या शेतकऱ्याने आणि धनगराने पिढ्यान्‌पिढ्या पावसाळा तिच्याच आडोशाने काढला.

त्याचे कारण इथल्या भूगोलात आहे. इस्लामपूर (राज्य सरकारने २०२५ साली त्याचे 'ईश्वरपूर' असे नामांतर जाहीर केले) हे कृष्णाकाठच्या सपाटीवरचे, उसाच्या पट्ट्यातले गाव. इथे पाऊस बेताचा. पण पश्चिमेला चालू लागले की शिराळा ओलांडताच हवा बदलते आणि चांदोलीच्या माथ्यावर सह्याद्रीचा पाऊस अक्षरशः कोसळतो. पाटण तालुक्यातल्या पाथरपुंजला तर काही वर्षी महाबळेश्वरपेक्षाही अधिक पाऊस नोंदला गेला आहे. एवढ्या थोड्या अंतरात इतका फरक पडत असल्याने इथल्या माणसाची पांघरुणाविषयीची समज पावसानेच घडवली. शिराळ्याकडच्या भातखाचरांत लावणी करणाऱ्यांनी बांबूच्या कामट्या आणि पानांचे इरले पाठीवर घेतले. गुराख्याने आणि मेंढक्याने घोंगडीची खोळ केली.

'खोळ' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. घोंगडी एका कोपऱ्याशी दुमडून टोपरे करायचे, ते डोक्यावर घ्यायचे आणि उरलेली घोंगडी पाठीवरून पोटऱ्यांपर्यंत सोडून द्यायची. ना शिवण, ना गुंडी, ना माप. सांगरांनी मागावर विणलेल्या या वस्त्राला चिंचोक्याची खळ देऊन ताठ केलेले असे. लोकरीतल्या नैसर्गिक स्निग्धतेमुळे सुरुवातीचे पाणी वरच्यावर ओघळते. पुढे पाणी आत शिरले तरी ओली लोकर ओल्या सुताइतकी गार पडत नाही. ऊब, आडोसा आणि अंथरूण ही तिन्ही कामे एकच वस्त्र करते. वजन ही त्याची किंमत.

आज गिर्यारोहक ज्याला 'शेल जॅकेट' म्हणतात, त्याला मराठीत खोळ हाच नेमका शब्द आहे. फरक इतकाच की या नव्या खोळीने ऊब देण्याचे काम सोडून दिले. ऊब आतल्या लोकरीने किंवा पिसांनी द्यावी; खोळीने फक्त वारा आणि पाणी अडवावे. कामाची ही वाटणी कशी झाली, हाच या वस्त्राचा इतिहास.

पहिला मोठा प्रयत्न चार्ल्स मॅकिंटॉशचा. त्याने १८२३ साली दोन कापडांमध्ये रबराचा थर बसवण्याचे पेटंट घेतले. पाणी थांबले, पण घामही थांबला; शिवाय हे कापड थंडीत ताठ आणि उन्हात चिकट होई. पुढे थॉमस बर्बेरीने घट्ट विणीचे गॅबर्डिन काढून १८८८ साली त्याचे पेटंट घेतले. कापडाला लेप देण्याऐवजी सूतच पाणी झटकणारे करून ते दाट विणायचे, ही त्यामागची युक्ती. हे कापड ध्रुवप्रदेशात गेले आणि एव्हरेस्टवरही गेले. जॉर्ज मॅलरी १९२४ साली ज्या कपड्यांत गेला, त्यांचे अवशेष १९९९ मध्ये त्याच्या देहासोबत सापडले : रेशीम, सूत आणि लोकर यांचे अनेक पातळ थर आणि वर गॅबर्डिन. 'ट्वीडचा कोट घालून एव्हरेस्टवर गेलेले साहेब' ही चेष्टा त्यामुळे फोल ठरली. २००६ साली त्या कपड्यांची हुबेहूब प्रतिकृती करून एव्हरेस्टच्या परिसरात वापरून पाहिली गेली, तेव्हा ती हलकी, सुटसुटीत आणि चालत्या माणसाला पुरेशी उबदार आढळली. १९२२ च्या मोहिमेत जॉर्ज फिंच बलूनच्या कापडात पिसे भरून केलेला कोट घालून आला, तेव्हा त्याचीही आधी टिंगल झाली आणि थंडी वाढल्यावर हेवा. ऊब एकीकडे आणि आडोसा दुसरीकडे ही विभागणी त्या दशकातच आकाराला येत होती.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिक थंड समुद्रात पडून गारठून मरत. त्यांच्यासाठी मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटने 'व्हेंटाइल' हे सुती कापड तयार केले. ओले होताच त्याचे धागे फुगतात आणि विणीतली छिद्रे आपोआप बुजतात. त्यानंतरचा टप्पा १९६९ चा. अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचे प्लास्टिक झटक्याने ताणले आणि त्यातून असंख्य सूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा मिळाला. पाण्याचा थेंब त्यातून जाऊ शकत नाही, वाफ जाऊ शकते. १९७६ पासून गोर-टेक्सची जॅकेटे बाजारात येऊ लागली.

इथवरची कथा प्रगतीची वाटते. आपल्याकडच्या गिर्यारोहकाची फसगत मात्र इथूनच सुरू होते. आपण डोंगर शिकतो ते पावसाळ्यात. ज्याने चांदोलीच्या माथ्यावरचा पाऊस अंगावर घेतला आहे, तो दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न विचारतो : 'पाणी आत येणार नाही ना?' त्याच हिशेबाने तो जाड, ढगळ, पूर्ण जलरोधक जॅकेट घेतो आणि हिवाळ्यात हिमालयात जातो. तिथे उणे दहा अंशांत पाऊस नसतोच. पडते ते कोरडे हिम, झटकले की गळून जाणारे. तिथला शत्रू वारा. उणे दहा अंशांत ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या त्वचेला सुमारे उणे एकवीस अंशांचा गारठा जाणवतो. दुसरा शत्रू आपणच सोबत आणतो : घाम. चढावर घाम येतो, त्याची वाफ खोळीच्या गार पाठीला लागून थिजते आणि थांब्यावर तोच बर्फ वितळून आतले कपडे ओले करतो. सह्याद्रीत पाणी बाहेरून येते, हिमालयाच्या हिवाळ्यात ते आतून येते. हा एवढा फरक ध्यानी न घेतल्याने माणूस महागड्या जॅकेटात गारठतो, आणि उंचीवर गारठणे म्हणजे नुसती गैरसोय नव्हे. म्हणून कोरड्या थंडीत वारा अडवणारी आणि वाफ सहज सोडणारी पातळ खोळ पुष्कळदा अधिक उपयोगी ठरते. जलरोधक खोळ पिशवीत असावी. अंगावर सतत असायलाच हवी असे नाही.

मापाचा प्रश्नही असाच इतिहासाने सोडवलेला आहे. घोंगडीची खोळ सैल होती, कारण ती घालून उभे राहायचे होते, मेंढरे राखायची होती. १९६०च्या दशकातले ब्रिटिश कॅगूलही गुडघ्यापर्यंत लोंबणारे होते. पुढे कमरेचा हार्नेस रुळला. त्याच्या पट्ट्याखाली ढगळ कापडाच्या चुण्या पडू लागल्या, अडकवलेले सामान सापडेना, आणि पावले कुठे पडतात हे खाली वाकून दिसेना. सैल कापड वाऱ्यात फडफडते आणि भात्यासारखी आतली ऊब बाहेर फेकते. अंगाबरोबर बसणारी खोळ इथून आली. ती केवळ फॅशन नव्हे. मात्र 'अंगाबरोबर' म्हणजे बनियनवर नव्हे, तर आतल्या लोकरी थरासकट. अंथरूण पाहून पाय पसरावे, तसे आतले थर घालूनच खोळीचे माप घ्यावे. हात पूर्ण वर केल्यावर तिची किनार हार्नेसच्या पट्ट्याखालून निसटू नये, टोपरे हेल्मेटवर बसावे, आणि पिसांचा थर चेपला जाऊ नये. चेपलेल्या पिसांत हवा राहत नाही. हवा नाही तर ऊब नाही.

या कथेला अलीकडे एक उपसंहार जोडला गेला आहे. वरच्या कापडावरून पाणी घरंगळावे म्हणून वापरली जाणारी फ्लोरिनयुक्त रसायने माती-पाण्यातून नष्ट होत नाहीत, हे लक्षात आल्यावर कायदे आले; कॅलिफोर्नियात २०२५ पासून बहुतेक कपड्यांत त्यांना बंदी झाली. फ्लोरिनविरहित लेप वापरात येत आहेत, पण ते तेल आणि मळ तितकेसे अडवत नसल्याने जॅकेट वेळोवेळी धुवावे लागते आणि लेप पुन्हा चढवावा लागतो. घोंगडीची खळ जशी कायमची नसते, तसेच हेही.

घोंगडी हिमशिखरावर न्यावी असे कोणी म्हणणार नाही. पण तिची खोळ करणाऱ्या मेंढक्याला आपला डोंगर, आपला पाऊस आणि आपले काम पक्के ठाऊक होते, म्हणून त्याची निवड चुकली नाही. आपल्यापुढे शंभर जॅकेटे आहेत. त्यांतले एक उचलण्याआधी आपण कोणत्या डोंगरावर निघालो आहोत, एवढे आधी ठरवावे. नाही तर ते घोंगडे भिजतच राहायचे, आणि या खेपेला आतून.