एक भूकंप झाला, आता धोका टळला? शेजारच्या फॉल्टचं गणित समजून घ्या

२१ मार्च २०२४, सकाळचे ६:०८. हिंगोली जिल्ह्यात ४.५ मॅग्निट्यूडचा भूकंप झाला. परभणी, नांदेडमध्येही हादरे जाणवले. ६:१९ ला पुन्हा धक्का, ३.६ चा. अशा वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज हमखास फिरतो: 'जमिनीतला ताण निघून गेला, आता काळजी नको.' हे अर्धंच खरं आहे.

फॉल्ट म्हणजे काय?

खडकातली अशी भेग, जिच्या दोन बाजू एकमेकींना घासून सरकू शकतात. मराठीत भ्रंश. घर्षणामुळे त्या अडकून राहतात आणि ताण साठत जातो. तो घर्षणाला पेलेनासा झाला की बाजू झटक्यात सरकतात. हाच भूकंप.

मग शेजारी काय होतं?

सुंभाने विणलेली बाज आठवा. एक दोरी तुटली की तिचा भार आजूबाजूला जातो. काही दोऱ्या जास्त ताणतात, काही ढिल्या पडतात. तसंच, सरकलेल्या फॉल्टवरचा ताण उतरतो, पण त्याच्या टोकांजवळ वाढतो. याला 'कूलंब स्ट्रेस ट्रान्सफर' म्हणतात.

ही वाढ अनेकदा कारच्या टायरमधल्या हवेच्या दाबापेक्षाही कमी असते. त्यामुळे शेजारचा फॉल्ट आधीच सरकायच्या बेतात असेल, तरच तिचा परिणाम दिसतो. कधी काही तासांत, कधी वर्षांनी, कधी नाहीच.

मोठं उदाहरण: तुर्की

६ फेब्रुवारी २०२३ ला तिथे ७.८ चा भूकंप झाला. साधारण नऊ तासांनी, उत्तरेकडच्या वेगळ्याच फॉल्टवर ७.५ चा. पहिल्यात कमकुवत झालेल्या इमारती दुसऱ्यात कोसळल्या.

आपण काय करायचं?

बहुतेक वेळा नंतरचे धक्के लहानच असतात. पण आत्ता बसलेला धक्का मुख्य होता की नाही, हे नंतरच कळतं. १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या जड भिंतींनी हजारो जीव घेतले. माझ्या राणीसावरगावसारख्या गावांत अशी जुनी घरं अजून आहेत. म्हणून पहिल्या धक्क्याने भिंतीला तडा गेला असेल, तर मोबाईल किंवा चार्जर आणायलाही आत जाऊ नका. आधी जाणकाराकडून घर तपासून घ्या.

अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये भूकंप अलर्ट चालू ठेवा. पण तो भाकीत करत नाही. भूकंप सुरू झाल्यावरच तो कळवतो आणि केंद्राजवळ असाल तर हादरा अलर्टच्या आधीच पोहोचू शकतो.