दिवस कोणी मोजायचे?

'तिला दिवस गेले' आणि 'तिला दिवस राहिले' या दोन वाक्यांचा मराठीत अर्थ एकच. क्रियापदे परस्परविरुद्ध असली तरी मोजणी दोन्हींत दिवसांचीच आहे. हे दिवस कोणी मोजायचे आणि त्यांचा अर्थ सर्वांत आधी कोणाला कळायचा, हा प्रश्न वरवर वैद्यकाचा वाटतो. पण तो आपल्या सामाजिक आणि वाङ्मयीन इतिहासाचाही प्रश्न आहे.

पुणे-नाशिक रस्त्यावर मंचर आणि नारायणगाव यांच्या दरम्यान आंबेगाव तालुक्यातले कळंब लागते. पुढे जुन्नर आणि त्याच्या पश्चिमेला नाणेघाट. तेथील लेण्यात सातवाहन राणीचा प्रसिद्ध शिलालेख आहे. याच घराण्यातील हाल राजाच्या नावे 'गाथासप्तशती' हा माहाराष्ट्री प्राकृतातील संग्रह परंपरेने ओळखला जातो. त्यातील दोन गाथा आपल्या विषयाच्या अगदी जवळच्या आहेत. एकीत मैत्रिणी पहिलटकरणीला विचारतात, तुला काय काय आवडते. ती काहीच न बोलता केवळ नवऱ्याकडे पाहते. दुसरीत घर दरिद्री आहे. डोहाळे विचारले असता नवऱ्याला ओशाळे वाटू नये म्हणून गृहिणी पुन्हा पुन्हा फक्त पाणी मागते. दोन्हींत विचारणारे इतर आहेत, आणि मनातले किती सांगायचे हे त्या स्त्रीने स्वतःकडे ठेवले आहे.

'डोहाळे' या शब्दामागे दौहृदाची कल्पना आहे. चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते, म्हणून स्त्री दोन हृदयांची होते, असे सुश्रुतसंहिता सांगते. पण त्याही आधीची, नुकत्याच राहिलेल्या गर्भाची लक्षणे तिथे दिली आहेत: थकवा, ग्लानी, तहान, मांड्या गळून जाणे. आजही पाळी चुकण्याबरोबर थकवा, मळमळ, स्तन हुळहुळणे, वारंवार लघवीला होणे ही लक्षणे सांगितली जातात. मात्र यांतले कोणतेही लक्षण एकटे पुरावा ठरत नाही. पाळी चुकण्याला आजारपण, ताण किंवा वजनातील फरकही कारण असू शकतो.

ज्या घरांत विटाळ पाळला जाई, तेथे ही गोष्ट स्त्रीची खासगी राहणे कठीणच होते. 'कावळा शिवला' की ती बाजूला बसे. एखाद्या महिन्यात ती बसली नाही, की सासूपासून शेजारणीपर्यंत सर्वांना हिशेब कळे. सुवासिनीच्या वाट्याला यातून कौतुक आले. विधवेच्या बाबतीत मात्र हीच मोजणी जिवावर बेतणारी होती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1863 साली पुण्यात बालहत्याप्रतिबंधक गृह काढले, ते अशा स्त्रियांना गुप्तपणे बाळंत होता यावे म्हणून. तेथे आलेल्या काशीबाईंचा मुलगा यशवंत यालाच पुढे फुले दांपत्याने दत्तक घेतले. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरील बालहत्येच्या खटल्यानंतर उठलेल्या चर्चेला ताराबाई शिंदे यांनी 1882 साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून उत्तर दिले. दिवस गेल्याचे कळणे म्हणजे आनंदाची बातमी, हे गृहीत धरणारा वाचक हा इतिहास विसरतो.

देहाबाहेर खूण शोधण्याची धडपडही जुनी आहे. प्राचीन इजिप्तमधील एका पपायरसात स्त्रीच्या मूत्राने गहू आणि सातू भिजवून ते उगवतात का हे पाहण्याची रीत दिली आहे. विश्वसनीय चाचणी मात्र विसाव्या शतकातली. बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक यांनी 1920 च्या दशकाच्या अखेरीस उंदरांवरची चाचणी सिद्ध केली. पुढे आफ्रिकी बेडकांचा उपयोग होऊ लागला. 1960 साली वाइड आणि गेम्झेल यांनी प्राण्यावाचून होणारी चाचणी दिली. तरीही उत्तर प्रयोगशाळेतून डॉक्टरकडे आणि डॉक्टरकडून स्त्रीकडे येत असे. 1967 साली मार्गारेट क्रेन या अमेरिकन चित्रकर्तीने घरी करता येईल असा संच कल्पिला. स्त्रीने हे स्वतः पाहावे की नाही, यावरच आधी वाद झाला.

आज कळंबसारख्या गावात ही चाचणी औषधाच्या दुकानात मिळते, आणि 'निश्चय' या नावाचा सरकारी संच आशा कार्यकर्तीमार्फत पोचतो. गर्भ गर्भाशयात रुजल्यावर एचसीजी हे संप्रेरक तयार होऊ लागते आणि सुरुवातीला साधारण दोन-तीन दिवसांत दुप्पट होत जाते. म्हणून फार लवकर केलेली चाचणी फसवी ठरू शकते. पाळी ज्या दिवशी यायला हवी होती, तो दिवस उलटल्यावर, शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीवर ती करावी. उत्तर नाही आले आणि पाळीही आली नाही, तर आठवड्याने पुन्हा करावी. ओटीपोटात तीव्र दुखत असेल, रक्त जात असेल किंवा भोवळ येत असेल, तर संचाच्या रेषांवर विसंबून न राहता तातडीने रुग्णालय गाठावे. गर्भ नलिकेत अडकलेला असू शकतो.

वैद्यकशास्त्र गर्भाचे वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजते. त्यामुळे पाळी चुकते तेव्हाच हिशेबात सुमारे चार आठवडे जमा झालेले असतात. 'दिवस गेले' हा वाक्प्रचार या अर्थानेही खरा आहे. गर्भपाताचा 1971 चा कायदा आणि 2021 ची त्यातील दुरुस्ती यांच्या मर्यादाही आठवड्यांतच आहेत: सर्वसाधारणपणे वीस, विशिष्ट परिस्थितीत चोवीस. गर्भ वाढवायचा असो वा नसो, उशिरा कळणे म्हणजे निर्णयाचे दिवस हातून जाणे.

गाथेतील गृहिणीने पाणी मागितले; खरे काय हवे ते बोलणे तिला परवडत नव्हते. आज एका पट्टीवर दोन रेषा उमटतात आणि त्या सर्वांआधी तिला एकटीला पाहता येतात. पण त्यानंतर ती काय मागू शकेल, हे अजूनही घरावरच अवलंबून आहे.