घरच्या घरीं श्रुतिका

इ. स. १९२४ च्या जानेवारीच्या १५ तारखेस लंडनमधील सेव्हॉय हिल येथील नभोवाणीगृहांतून एक छोटें नाटक प्रक्षेपित झालें. त्याचें नांव ‘डेंजर’. लेखक रिचर्ड ह्यूज हा त्या वेळीं अवघा २३ वर्षांचा होता. रंगभूमीसाठीं लिहिलेलीं नाटकें त्यापूर्वींही मायक्रोफोनसमोर म्हटलीं गेलीं होतीं. परंतु केवळ कानांसाठीं मुद्दाम रचलेल्या ब्रिटनमधील आरंभींच्या नाटकांत ह्याचाच मान मोठा आहे. श्रोत्यांना पात्रें दिसणार नाहींत, ह्या अडचणीचाच ह्यूजनें कथानकाला पाया केला. वेल्समधील एका कोळशाच्या खाणींत ती पाहावयास आलेलीं तीन माणसें अडकतात, दिवे जातात, आणि पात्रेंही श्रोत्यांप्रमाणेंच अंधारांत चांचपडूं लागतात. घरोघरच्या मंडळींनीं दिवे मालवून नाटक ऐकावें, अशी सूचनाही त्या रात्रीं देण्यांत आली होती.

लेखनाचा प्रश्न असा सुटला. ध्वनीचा मात्र सुटेना. प्रतिध्वनि उठूं नये म्हणून नभोवाणीगृहाच्या भिंती जाड पडद्यांनीं झांकलेल्या असत. व्याख्यानाला आणि गायनाला ही व्यवस्था सोयीची. पण खाणीच्या बोगद्यांतील घुमारा तेथें यावा कोठून? शेवटीं नटांनीं बादल्यांत डोकीं घालून संवाद म्हटले, असें ह्यूजनें पुढें आपल्या आठवणींत सांगितलें आहे. खाणकामगारांचें गाणें दुरून ऐकूं यावयास हवें होतें. तेव्हां गायकांना बाहेरच्या बोळांत उभें केलें आणि मधलें दार उघडून-मिटून आवाज लहानमोठा केला. सर्वांत बिकट प्रसंग स्फोटाचा होता. खरा धडाका त्या काळच्या यंत्रास सोसणारा नव्हता, आणि यंत्रास सोसेल असा बेताचा आवाज स्फोटासारखा वाटत नव्हता. वृत्तपत्रांचे बातमीदार त्या रात्रीं वेगळ्या खोलींत बसून ऐकत होते. दिग्दर्शक नायजेल प्लेफेअर ह्यानें त्यांच्या शेजारच्या खोलींत खराखुरा स्फोट घडवून आणला आणि बातमीदारांचें समाधान केलें. घरीं बसलेल्या श्रोत्यांच्या वांट्यास मात्र यंत्रांतून येईल तेवढाच आवाज आला.

ह्या गमतीच्या मुळाशीं श्रुतिकेचें एक तत्त्व आहे. मायक्रोफोन केवळ हवेचीं कंपनें टिपतो. त्यांवरून दृश्य उभें करण्याचें काम श्रोत्याची स्मृति करीत असते. म्हणून पुष्कळदा खऱ्या वस्तूचा आवाज ओळखूं येत नाहीं, आणि सोंग घेतलेल्या वस्तूचा चटकन् पटतो. अमेरिकेंतील स्केनेक्टडी येथील नभोवाणीकेंद्रानें १९२२ सालीं नाटकें सादर करण्यास प्रारंभ केला, तेव्हां दार आपटल्याचा आवाज लांकडाचे दोन तुकडे एकमेकांवर आपटून काढला गेला. नारळाच्या दोन करवंट्या फरशीवर आळीपाळीनें वाजविल्या कीं घोडा दौडूं लागतो. सेलोफेनचा कागद मुठींत चुरगाळला कीं आग तडतडते. टांगलेल्या पत्र्यास हिसके दिले कीं मेघ गर्जतात. सॅम्युएल बेकेटची ‘ऑल दॅट फॉल’ ही श्रुतिका बी. बी. सी.नें १९५७ सालीं सादर केली. तींत तर निर्माता डोनाल्ड मॅक्‌व्हिनी ह्यानें गुराढोरांचे आवाजदेखील माणसांच्याच तोंडून काढविले. हुबेहूब आवाजापेक्षां नाटकाच्या वृत्तीशीं जुळणारा आवाज त्याला हवा होता. ह्या कलेचीं साधनें अशीं आरंभापासून स्वयंपाकघरांत आणि अडगळींतच सांपडत आलीं आहेत.

मुंबईचें नभोवाणीकेंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें, आणि पुढें मराठींत ह्या नाट्यप्रकाराला ‘श्रुतिका’ हें सार्थ नांव मिळालें. आरंभींच्या काळांत प्रक्षेपण थेट होत असे. चुकीचा शब्द तोंडांतून गेला कीं तो गेलाच. परत घेण्याची सोय नव्हती. ती सोय ध्वनिफितीनें दिली. जर्मनींत १९३५ सालीं ‘मॅग्नेटोफोन’ हें यंत्र लोकांपुढें आलें. दुसऱ्या महायुद्धानंतर हें तंत्र जगभर पसरलें, आणि हळूहळू फितीचीं यंत्रें हौशी माणसांच्या घरींही येऊं लागलीं.

घरच्या यंत्रावर फीत बहुधा सेकंदास १९ किंवा ९.५ सेंटिमीटर वेगानें फिरे. मोठ्या वेगावर एका सेकंदाचा खोकला म्हणजे जवळजवळ वीतभर फीत. ब्लेडनें तिरपा छेद द्यावा, नको तो तुकडा काढावा आणि टोकें चिकटपट्टीनें जोडावीं, कीं खोकला नाहींसा होई. १९६३ सालीं कॅसेट निघाली. ती स्वस्त आणि सुटसुटीत खरी. पण तिच्यांतील फितीचा वेग सेकंदास अवघा ४.७६ सेंटिमीटर आणि रुंदी चार मिलिमीटरांहूनही कमी. तिला कापून जोडणें दुरापास्त झालें. मग हौशी मंडळी एका यंत्रावरचा आवाज दुसऱ्यावर उतरवून घेत, आणि उतरवितांनाच त्यांत पाऊस, घोडा किंवा बासरी मिसळीत. परंतु प्रत्येक नकलेबरोबर फितीची सूं-सूं वाढत जाई. चौथ्या नकलेपर्यंत राजाचा संवाद जणुं चुलीवरच्या आधणांतून ऐकूं येई. कॅसेटवर चार आवाज वेगवेगळे ठेवणारें घरगुती यंत्र १९७९ मध्यें निघालें. आणि २००० सालीं ‘ऑडॅसिटी’सारखी विनामूल्य संगणकप्रणाली उपलब्ध झाल्यावर नकलेपायीं आवाज मळण्याची भीति संपली.

यंत्राची अडचण अशी सरली; खोलीची मात्र कायम राहिली. ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर धांवतो. लहानशा खोलींत तो भिंतीवर आपटून सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास परत येतो. दोन कानांनीं ऐकणारा मनुष्य ही परतफेड सहसा ध्यानांत घेत नाहीं. मायक्रोफोन ती तंतोतंत नोंदवितो. त्यामुळें घनदाट अरण्यांत चाललेला संवाद बैठकीच्या खोलींतला आहे, हें पहिल्या वाक्यालाच उघड होतें. १९२४ सालीं मुक्या खोलींत प्रतिध्वनि आणण्यासाठीं बादल्या लागल्या. घरीं प्रतिध्वनि घालविण्यासाठीं गोधड्या लागतात. दोरीवर गोधड्या टांगाव्या, किंवा कपड्यांनीं भरलेलें कपाट उघडून त्याच्या तोंडाशीं बोलावें, हा उपाय साधा व गुणकारी आहे. पात्र दूर जात आहे असें भासवावयाचें, तर आवाज केवळ बारीक करून भागत नाहीं. नटानें खरोखरच दोन पावलें मागें सरावें लागतें. कारण अंतर वाढलें कीं थेट येणारा आवाज उणावतो, पण खोलीचा घुमारा जवळजवळ तितकाच राहतो, आणि ह्या प्रमाणावरूनच कान अंतर ओळखतो.

शांतता ही त्याहूनही दुर्मिळ वस्तु. पंखा बंद करावा तर उकाडा; खिडकी लावावी तर घाम. इतकें करूनही ऐन मरणाच्या प्रसंगीं शेजारच्या कुकरची शिटी होते. शिवाय दोन संवादांमधील शांतता अगदीं कोरी करून चालत नाहीं. तेथें आवाजाला भोंक पडल्यासारखें वाटतें. म्हणून जाणते लोक सर्वांना अर्धा मिनिट गप्प उभें करून रिकाम्या खोलीचाच आवाज टिपून ठेवतात आणि जोडकामाच्या ठिकाणीं तो भरतात.

एवढ्या खटाटोपाचें मोल काय? १९२४ सालच्या त्या रात्रीं ध्वनिमुद्रण करून ठेवण्याची सोय नव्हती. त्या नटांनीं बादल्यांतून म्हटलेले संवाद हवेंत विरून गेले. घरोघरच्या जुन्या कॅसेटींचें तसें झालेलें नाहीं. त्यांपैकीं एखादींत आजी राक्षसीण झालेली असते, वडील एकाच वेळीं राजा आणि भालदार असतात, आणि मध्येंच पडलेल्या भांड्यावर सगळे हंसलेले असतात. मुद्रण करतांना तो बिघाड वाटला होता. वीस वर्षांनीं तेवढाच भाग पुन्हा पुन्हा ऐकला जातो. परंतु फीतही अमर नाहीं. दमट हवेंत तिला बुरशी चढते, आणि कालांतरानें तिच्यावरील चुंबकीय थर सुटूं लागतो. ज्यांच्या कपाटांत अशा कॅसेटी असतील त्यांनीं त्या चालत्या यंत्रावर लावून त्यांतील आवाज संगणकांत वेळींच उतरवून घ्यावे, आणि तसें करतांना पडलेल्या भांड्याचा आवाज कापूं नये.