व्हिस्टाचे अपयश

दिनांक ३० जानेवारी २००७ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज व्हिस्टा’ ही संगणक-प्रणाली सर्वसामान्य ग्राहकांसाठी बाजारात आणली. तिच्यामागे पाच वर्षांहून अधिक काळाचे परिश्रम होते. तरीही तिचे नाव आज निघते ते नापसंतीचे ठळक उदाहरण म्हणूनच. नवा संगणक घ्यायचा आणि त्यातली व्हिस्टा काढून जुनी ‘एक्सपी’ बसवून घ्यायची, असा उलटा प्रवास असंख्य ग्राहकांनी केला. एक्सपीच्या विक्रीची मुदतही कंपनीला जून २००८ पर्यंत वाढवावी लागली. याचे सारे खापर कारागिरांच्या अकुशलतेवर फोडले जाते. मला ते पुरते पटत नाही.

एक्सपी आली ऑक्टोबर २००१ मध्ये. घरचा सामान्य वापरकर्ताही तिच्यात बहुधा सर्वाधिकारी असे. म्हणजेच त्याच्या नकळत शिरलेल्या घातक प्रोग्रामलाही सर्वाधिकार मिळत. २००१ मधील ‘कोड रेड’ आणि ‘निम्डा’, पुढे २००३ मधील ‘ब्लास्टर’ यांनी मायक्रोसॉफ्टच्या प्रणालींतील छिद्रे जगासमोर आणली. जानेवारी २००२ मध्ये बिल गेट्स यांनी कर्मचाऱ्यांना लेखी कळवले की यापुढे नव्या सोयींपेक्षा सुरक्षिततेला अग्रक्रम राहील. व्हिस्टाचे काम तेव्हा ‘लाँगहॉर्न’ या नावाने चालू होते. त्यावरची बरीच माणसे एक्सपीच्या डागडुजीकडे वळवण्यात आली आणि २००४ साली लाँगहॉर्नचा डोलारा मोडून, सर्व्हर २००३ च्या पायावर, तो पुन्हा उभारावा लागला. ज्या नव्या सोयींचा गाजावाजा झाला होता त्यांतल्या काही वगळल्या गेल्या. उरले ते मुख्यतः पायाचे काम, आणि पाया कोणाच्या नजरेत भरत नाही.

नजरेत भरली ती विचारणा. एखादे महत्त्वाचे काम करू जावे तो पडदा काळवंडे आणि ‘परवानगी आहे का?’ असा प्रश्न पुढे येई. शासकीय सेवेत ज्याने आयुष्य काढले त्याला प्रतिस्वाक्षरीचे महत्त्व सांगावे लागत नाही. पण प्रत्येक टाचणीसाठी प्रतिस्वाक्षरी मागितली तर कारकून न वाचताच सही घेतो आणि साहेब न वाचताच करतो, हेही त्याला ठाऊक असते. व्हिस्टाचे तेच झाले. जुने प्रोग्राम सर्वाधिकार गृहीत धरून लिहिलेले, त्यामुळे विचारणा पावलोपावली होई. मायक्रोसॉफ्टच्याच एका अधिकाऱ्याने २००८ साली सॅन फ्रान्सिस्को येथील परिषदेत कबूल केले की वापरकर्त्याला वैताग आणणे हाच त्यामागचा हेतू होता. त्याच्या तक्रारींमुळे प्रोग्राम लिहिणारे सुधारतील अशी ही योजना. योजना फसली असे म्हणवत नाही. मात्र तिचा भुर्दंड ज्याने भरला त्याला ती कोणी सांगितलीच नव्हती.

जुने प्रिंटर आणि स्कॅनर अडले, तेही याच जातीचे दुखणे. यंत्रांशी बोलण्याची रीत बदलली होती आणि उत्पादकांनी नव्या रीतीचे ड्रायव्हर वेळेवर दिले नाहीत.

येथवर मी व्हिस्टाचा वकील आहे. ‘व्हिस्टा कॅपेबल’ या चिकटपट्टीबाबत मात्र नाही. प्रणाली लांबणीवर पडल्याने संगणकांची विक्री थंडावू नये म्हणून २००६ साली यंत्रांवर ही पट्टी लावून ती विकली गेली. एक्सपीसाठी १२८ मेगाबाइट स्मृती पुरेशी मानली जाई. व्हिस्टाला निदान ५१२ हवी होती आणि तिचे पारदर्शक खिडक्यांचे वैभव पाहायचे तर १ गिगाबाइट व त्याला साजेशी चित्र-चकती. इंटेलच्या ९१५ या संचाला ते वैभव पेलणारे नव्हते. तरी तो असलेल्या यंत्रांनाही पट्टी मिळावी म्हणून निकष सैल केले गेले. २००७ साली सिॲटलच्या न्यायालयात ग्राहकांनी दावा लावला आणि कंपनीचा अंतर्गत पत्रव्यवहार उघड झाला. कंपनीच्याच एका वरिष्ठ अधिकाऱ्याने त्यात लिहिले होते की २१०० डॉलर मोजून घेतलेला आपला संगणक आता ई-मेल पाहण्यापुरता उरला आहे. सामूहिक दावा म्हणून असलेली मान्यता २००९ मध्ये काढून घेण्यात आली, पण जनतेचा निकाल त्याआधीच लागला होता. सुरक्षिततेसाठी सोसलेला जाच लोक कदाचित विसरले असते. पट्टीवर विसंबून पैसे मोजलेला मनुष्य विसरत नाही.

२००८ च्या उन्हाळ्यात कंपनीने एक गमतीदार प्रयोग केला. व्हिस्टाला नावे ठेवणाऱ्या काही जणांना ‘मोहावी’ या नावाने एक ‘नवी’ प्रणाली दाखवली. ती त्यांना आवडली, आणि मग ही व्हिस्टाच असल्याचे त्यांना सांगण्यात आले. जाहिरात म्हणून हे ठीक. पण कंपनीने निवडलेल्या, सज्ज यंत्रावर घटकाभर पाहणे आणि घरच्या जुन्या प्रिंटरशी झगडणे यांत अंतर आहे.

२२ ऑक्टोबर २००९ रोजी ‘विंडोज ७’ आली आणि तिचे सर्वत्र स्वागत झाले. तोवर ड्रायव्हर तयार झाले होते, स्मृती स्वस्त झाली होती, प्रोग्राम लिहिणारे सुधारले होते, आणि विचारणाही कमी केली गेली होती. पाया मात्र व्हिस्टाचाच. व्हिस्टाचा अंतर्गत आवृत्ती-क्रमांक ६.० होता, विंडोज ७ चा ६.१ आहे.