चोखोबाचं देऊळ, बुद्धाचा विहार

आमचे आजोबा देहूरोडच्या दारूगोळा डेपोत खोकी उचलत. वस्तीने देऊळ बांधायला घेतलं ते चोखोबासाठी. पंढरीला पायरीशीच थांबवलेला आपला माणूस! पण 25 डिसेंबर 1954 ला, रंगूनच्या बौद्ध परिषदेहून परतलेल्या बाबासाहेबांनी तिथं बुद्धमूर्ती बसवली. नागपूरची दीक्षा त्यानंतर जवळजवळ 22 महिन्यांनी, 14 ऑक्टोबर 1956 ला.

समाजशास्त्रज्ञ मार्गारेट आर्चर सांगतात, परिस्थिती वाट्याला येते, पण माणूस मनाशी बोलत तिच्यात आपलं काय ते ठरवतो. मला हे आजोबांमुळे पटतं. जात त्यांनी निवडली नव्हती, बुद्ध निवडला. घरचे देव त्यांनी स्वतःच्या हाताने टोपलीत भरले. आजी सांगायची, त्या रात्री ते कितीतरी वेळ ओट्यावर जागे बसले होते.