सायंटिस्ट नसलेला न्यूटन

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात ‘थोर सायंटिस्ट न्यूटन’ हा फलक हटकून दिसतो. न्यूटनच्या कानावर हा शब्द कधी पडलाच नव्हता. १६८७ सालच्या ‘प्रिन्सिपिया’च्या पूर्ण लॅटिन नावात आहे ते निसर्गाचं तत्त्वज्ञान. लोलकातून प्रकाश पाहणारा आणि ज्ञान म्हणजे काय असं विचारणारा, दोघेही तेव्हा तत्त्वज्ञच. व्होल्तेरने फ्रेंच वाचकांना न्यूटन समजावला, तोही ‘न्यूटनचं तत्त्वज्ञान’ म्हणून.

१८३३ साली केंब्रिजमधल्या एका विज्ञानसभेत कवी कोलरिजने हरकत घेतली: प्रयोग करणाऱ्यांनी स्वतःला तत्त्वज्ञ म्हणवू नये. तेव्हा तिथल्याच विल्यम ह्युएल या विद्वानाने ‘आर्टिस्ट’च्या धर्तीवर ‘सायंटिस्ट’ सुचवला. मूळ लॅटिन ‘स्किएन्तिया’, म्हणजे ज्ञान. हा शब्द अनेकांना रुचला नाही. फॅरेडे तर स्वतःला तत्त्वज्ञच म्हणवत राहिला. मला त्याचं पटतं. मोजणं आणि प्रश्न विचारणं यांची फारकत दोन्हींना महागात पडते.

मराठीतलं ‘शास्त्र’ अजून दोन्ही पोटात घेतं, तर्कशास्त्र आणि रसायनशास्त्रही. ‘शास्त्रज्ञ’ मात्र आपण प्रयोगशाळेतल्यालाच म्हणतो. आणि ‘शास्त्रापुरतं’ म्हणजे जेमतेम रीत पाळण्यापुरतं, पानात वाढलेल्या चिमूटभर मिठासारखं.